मॅनेजर जेवायला येतात

"उद्या तुमच्याकडे जेवायला येतो," असं आमच्या मॅनेजरांनी फोनवर म्हटलं, की दोहातल्या भल्याभल्या घरांचं धाबं दणाणायचं. एरवी ह्या माणसाइतका गोड पाहुणा शोधून सापडला नसता. वाढाल ते खाणार, ताट लख्ख करणार, मुलांशी पत्ते खेळणार, आणि जाताना ओट्यापर्यंत येऊन "वैनी, आमटी एक नंबर" म्हणणार. पण ते आपणहून जेवायला आले याचा अर्थ एकच असायचा. त्या घरातल्या खेळाडूला पुढच्या मॅचमधून काढलेलं असायचं. आणि ते सांगायला ते घरी यायचे, जेवायचे, हात धुवायचे आणि मग सगळ्यांच्या देखत सांगायचे.

त्यांना नाव होतं, पण ते त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावरच राहिलं. आम्ही सगळे त्यांना मॅनेजरच म्हणायचो. गाव रत्नागिरीजवळ, खाडीकाठचं. अल रय्यानमधल्या एका गोदामात ते स्टोअरकीपर होते, आणि बायकापोरं गावाकडे. इथे दर हिवाळ्यात परदेशी नोकरदारांच्या हौशी फुटबॉल टीमांची लीग चालते, त्यातल्या आमच्या टीमचे ते कर्ते-सवरते. टीम म्हणजे अठरापगड कारभार. रायगडचा क्रेनवाला, पुण्याचा पाइपिंग इंजिनियर, मालवणचा एसी मेकॅनिक, आणि गोलात माझा नवरा, रवी, नाशिकचा इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. अशा खिचडीतून ह्या माणसाने इतके कप जिंकले, की खोलीत ठेवायला जागा उरली नाही. सगळ्यात मोठ्या कपात ते कांदे-बटाटे ठेवायचे. मी एकदा तोंडावर म्हटलं, "अहो मॅनेजर, शोभतं का हे?" तर म्हणाले, "वैनी, रिकामा ठेवून काय करू, रोज पुसत बसू?"

मी मुळात फुटबॉलवाली नव्हे. लग्नानंतर पहिल्यांदा मैदानावर गेले ती डबा द्यायला. पण शुक्रवारी दुपारी सतरंजी टाकून, थर्मासमधला चहा ओतत चारचौघी बसलो, की हळूहळू अंगात यायला लागलं. पुढे पुढे तर रेफ्रीला मी नाशिकच्या भाषेत जे काही बोलायचे, ते त्या बिचाऱ्या सुदानी माणसाला कळत नव्हतं हे त्याचं नशीब. मॅनेजर मात्र मैदानाच्या कडेला, ऑफिसचे काळे पॉलिश केलेले बूट घालून, तोंडात बडीशेप धरून गप्प उभे. ओरडणं नाही, हातवारे नाहीत. आणि गंमत म्हणजे चेंडू कुठेही असो, त्यांची नजर भलतीकडेच. चेंडू डाव्या कोपऱ्यात, तर हे उजवीकडे रिकाम्या उभ्या असलेल्या खेळाडूकडे टक लावून बघतायत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चेंडू बघायला रेफ्री हाय की. चेंडू नसताना माणूस काय करतो, ता मी बघतो."

निम्मी मॅच ते बुधवारीच फोनवर जिंकायचे. कुणाची शिफ्ट ड्यूटी, कुणाचा सुपरवायझर खडूस, कुणाला शुक्रवारीच प्लांटवर बोलावलेलं. मॅनेजर फोन घेऊन बसायचे आणि एकेकाची ड्यूटी बदलून घ्यायचे. मल्याळी फोरमनशी हिंदीत, फिलिपिनो टाइमकीपरशी मोडक्या इंग्रजीत, आणि सगळ्यात अडेलतट्टू माणसाशी अरबीत, "हबीबी, इन्शाल्ला" करत. त्या बदल्यात कुणाच्या आजारी आईसाठी इथून औषधं पाठव, कुणाला विमानतळावर सोड, अशी शंभर कामं अंगावर घ्यायचे. आमचे अकराच्या अकरा शुक्रवारी मैदानावर उभे दिसायचे, तेव्हा समोरच्या टीमचे दोन-तीन ड्यूटीवर अडकलेले असायचे.

पण बोलायचं ते त्या जेवणाबद्दल. मी एकदा सरळ विचारलं होतं, की काढायचंच आहे तर फोनवर सांगा, ग्रुपवर टाका, घरी येऊन पोळ्या कशाला मोडता? तेव्हा आमच्यावर वेळ यायची होती, म्हणून मी हसत विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मैदानावर सांगितला तर माणूस एकटा असतो. घरी त्याची माणसा असतात. आणि उपाशी पोटी कोणाला वाईट सांगू नये." मला तेव्हा ते नाटकी वाटलं होतं. एकीने तर फोन आल्यावर "आमच्याकडे सगळ्यांना ताप आहे" असं ठोकून दिलं, तर हा माणूस मोसंबी घेऊन हजर. जेवले, आणि तिच्या नवऱ्याला काढलं.

मग आमच्यावर वेळ आली.

त्या हिवाळ्यात रवीची नोकरी गेली. कंपनीचं कंत्राट संपलं, आणि एका सकाळी मेल आली. बारा वर्षं राबलेल्या माणसाला एक मेल, तीही शेवटी "आपला विश्वासू" वगैरे लिहिलेली. मेल्यांनो, तोंडं वाळली होती का तुमची? रवीने मला दोन दिवस सांगितलंसुद्धा नाही. सांगितलं तेव्हा भाजी निवडता निवडता, जणू दूधवाला उद्या येणार नाही असं. मी रडले, तो रडला नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचा, अर्ज पाठवायचा, आणि फोन वाजला की दचकायचा. मुदतीत दुसरी कंपनी मिळाली नाही तर इथला गाशा गुंडाळून परत जायचं होतं. ईराची शाळा अर्ध्यावर. ती नऊ वर्षांची पोर, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी, तीसुद्धा घरात हळू चालायला लागली होती.

अशा वेळी त्याच्याकडे एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे गोल. आठवड्यातून एकदा ते पिवळे ग्लोव्हज घातले, की तो कुणीतरी असायचा. टीममध्ये त्याने नोकरीचं अवाक्षर काढलं नव्हतं. आम्ही सेमीफायनल कशीबशी जिंकलो, आणि फायनल आली आयर्लंडच्या मास्तरांच्या टीमशी. ते सगळे इथल्या शाळांमधले शिक्षक, दांडगे, लालबुंद, आणि त्यांचा म्हातारा कोच म्हणे त्यांच्या देशात मोठमोठ्या टीमा चालवून आलेला. मला बाकी कशाचं काही नव्हतं. रवीने फायनलमध्ये गोलात उभं राहावं, एवढंच हवं होतं. तेवढ्यावर तो तगेल, असं मी मनाशी धरून बसले होते.

फायनल शुक्रवारी. त्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी फोन वाजला. "वैनी, दुपारी जेवायला येतो."

 रवी आत आंघोळीला गेला होता. मी फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले. ईराने माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "आई, इज ही गोइंग टू ड्रॉप बाबा?" मी म्हटलं, "गप्प बैस." मग मी कणीक भिजवायला घेतली. थोडीथोडकी नाही, ढीगभर. कारण माझ्या डोक्यात एक विचार आला होता. हा माणूस जेवण झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. आणि ताटात पडलेलं टाकत नाही. ठीक आहे. मग जेवण संपूच द्यायचं नाही.

हसू नका. त्या दिवशी मला ते अगदी पटलं होतं.

मॅनेजर आले, बूट दाराशी नीट जोडून ठेवले, ईराच्या हातात खजुराचा डबा दिला. रवी त्यांना बघून पांढराफटक पडला. पाट मांडल्यासारखे तिघे टेबलाशी बसले, आणि मी वाढायला उभी राहिले. सुरमईची तुकडी, मटकीची उसळ, कढी, पोळ्या. त्यांचं ताट रिकामं व्हायला आलं, की मी पोळी टाकायची. "वैनी, बास." "छे छे, एवढीशी तर खाल्लीत." दुसरी पोळी. कढीची वाटी भरली. भात वाढला. भात संपला, तर पुन्हा पोळी. आपल्याकडे आग्रहाला कोण नाही म्हणतं? ते निमूट खात होते, कपाळावर घाम यायला लागला होता, आणि मी तव्यावरून पोळ्या उतरवतच होते. रवी मान खाली घालून बोटाने टेबलावरचं मीठ गोळा करत होता.  फक्त माझ्या लाटण्याचा आवाज. एकदा ईरा म्हणाली, "आई, स्टॉप," तर मी तिच्याकडे असे डोळे वटारले की ती गप्प झाली.

शेवटी मॅनेजरांनी पोळीचा तुकडा हातात घेतला आणि तो तोंडापर्यंत जाईना. तरी त्यांनी ताटावर हात आडवा धरला नाही. माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. तेवढ्यात रवीच बोलला, "पुरे गं. त्यांना त्रास होतोय." मग त्यांच्याकडे बघून म्हणाला, "मॅनेजर, बोला."

त्यांनी तो तुकडा खाल्ला, उठून हात धुतले, रुमालाला पुसले आणि परत येऊन बसले. "शुक्रवारी तू नाय खेळणार, रवी. सलीम खेळेल." सलीम म्हणजे आमचा दुसरा गोलकीपर, अल रुवैसच्या बंदरात काम करणारा. आख्ख्या सीझनमध्ये त्याला दोन-तीनच मॅच मिळाल्या होत्या.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी हातातला चिमटा दाणकन ओट्यावर आपटला. "मॅनेजर, ह्याची नोकरी गेलीय, माहितीय का तुम्हाला? घरात आम्ही कसे दिवस काढतोय, माहितीय? त्याच्याकडे हे एवढंच आहे, आणि तेही काढून घ्यायला आलात? वर माझ्या हातचं जेवून?" रवी "अगं, अगं" करत होता. मी थांबायला तयार नव्हते.

ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "माहीत हाय, वैनी. प्रॅक्टिस संध्याकाळी असताना माणूस दुपारीच मैदानावर येऊन बसतो, तेव्हा त्याला ड्यूटी नाय एवढा कळता मला." मग रवीला विचारलं, "नोकरीचा सांगायला कोण आलेला?"

"कोणी नाही," रवी म्हणाला. "मेल आली."

"म्हणून मी आलो."

 रवीने मान वर केली. नोकरी गेल्यापासून तो कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता, तो त्यांच्याकडे बघायला लागला. मॅनेजर बोलले ते फक्त त्याच्याशीच. "तू सध्या गोलात उभा राहून चेंडूची वाट नाय बघत, वाईट बातमीची बघतोस. सेमीफायनलला बघितला मी. चेंडू अजून मधल्या रेषेजवळ, आणि तुझे खांदे पडलेले. शुक्रवारी गोल झाला तर तो तू घरी घेऊन येशील. आता ह्या घरात आणखी एक नको." थोडं थांबून म्हणाले, "तुझी जागा गेली नाय. ह्या शुक्रवारपुरता सांगतोय."

जाताना ते ओट्यापर्यंत आले आणि म्हणाले, "वैनी, कढी एक नंबर." हद्द झाली की नाही? मी पाठ फिरवून भांडी घासत राहिले. खरं सांगायचं तर तो चिमटा मी त्यांच्यावर फेकणार होते.

तो आठवडा कसा गेला, विचारू नका. मला वाटलं होतं रवी अंथरूण धरणार. तो रविवारी प्रॅक्टिसला गेला. मॅनेजरांनी त्याला काय काम द्यावं? सलीमला तयार कर. घ्या! जखमेवर मीठ चोळायचं तरी किती? मी घरी आदळआपट करत होते, आणि रवी संध्याकाळी आला की गप्प जेवायचा. गुरुवारी मुशैरिबला एका कंपनीत मुलाखत होती. तिथून आला तेव्हा मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही.

शुक्रवारी मी जाणार नव्हते. रवी म्हणाला, "चल ना," म्हणून गेले, आणि सतरंजीवर मॅनेजरांकडे पाठ करून बसले. पलीकडे मास्तरांची मंडळी हिरवे रुमाल गळ्यात घालून गात होती. त्यांचा म्हातारा कोच अर्धी चड्डी घालून सारखा मैदानात घुसायचा, आणि रेफ्री त्याला सारखा बाहेर काढायचा. आमचे मॅनेजर आपले काळ्या बुटांत, बडीशेप चघळत. रवी ट्रॅकसूट घालून राखीव खेळाडूंत.

पहिल्या दहा मिनिटांतच सलीमने घात केला. उंच आलेल्या चेंडूसाठी तो पुढे धावला, अंदाज चुकला, आणि मास्तरांच्या एका ताडमाड माणसाने रिकाम्या गोलात डोकं लावलं. एक-शून्य. आमच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "रवीला घाला!" कुणीतरी म्हणजे मीच. मग सगळे सुरू झाले. "रवी! रवी!" सलीम बिचारा कानात बोटं घालायचाच काय तो बाकी होता. मॅनेजर एकदाही मागे वळले नाहीत. फक्त हळूच म्हणाले, "खलास," म्हणजे झालं ते झालं, पुढे बघा.

आणि मग मला दिसलं, की रवी राखीव खेळाडूंत नाही. तो मैदानाला वळसा घालून आमच्या गोलाच्या मागे जाऊन उभा राहिला होता. जाळीतून सलीमशी बोलत होता. काय बोलत होता ते मला ऐकू येत नव्हतं, पण हात दाखवून तो त्याला पुढे-मागे करत होता. हळूहळू सलीमच्या पायाला जमीन लागली. त्याने एक अडवला, मग दुसरा अडवला. उत्तरार्धात आमच्या क्रेनवाल्याने गर्दीतून पाय घातला आणि बरोबरी झाली. मग मात्र चेंडू काही केल्या कुणाच्याच जाळीत जाईना. माझ्या हातातला चहा कधी गार झाला, मला कळलं नाही.

वेळ संपली, आणि लगेच मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजाची बांग झाली. पेनल्टी किक नमाजानंतर. आमचे अर्धे खेळाडू मैदानाच्या कडेला रांगेत उभे राहिले, मॅनेजर त्यांच्यात. बाकीचे आम्ही जीव मुठीत धरून बसलो. त्या दहा-पंधरा मिनिटांत मैदानावर एकच कुजबुज चालली होती. पेनल्टीला रवीसारखा गोलकीपर आख्ख्या लीगमध्ये नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बदली अजून शिल्लक होती, आणि आमच्या लीगमध्ये ती पेनल्टीच्या आधीही करता यायची. मालवणचा मेकॅनिक माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वैनी, तुम्ही सांगा मॅनेजरना. तुमचं ऐकतील." मी म्हटलं, "डोंबल ऐकतील."

नमाज झाला. मॅनेजर बूट हातात घेऊनच आले. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले, मीही सतरंजी सोडून गेले. ते सरळ रवीसमोर उभे राहिले आणि विचारलं, "जाशील?"

मला वाटलं, देव पावला. रवी माझ्याकडे बघेल, हसेल, ट्रॅकसूट उतरवेल. तो सलीमकडे बघत होता. सलीम खाली बसून बुटाची नाडी बांधत होता, आणि त्याचे हात थरथरत नव्हते. रवी म्हणाला, "नको, मॅनेजर. तो तापलाय, मी गार आहे. त्यालाच राहू द्या."

"नक्की?"

"नक्की."

"यल्ला, चला," मॅनेजर म्हणाले, आणि बूट घालायला लागले. मी रवीचा दंड धरून त्याला गदागदा हलवणार होते. पण त्याचा चेहरा बघितला आणि हात खाली आला. महिनाभर जो माणूस फोन वाजला की दचकत होता, त्याने आत्ता सगळ्यांसमोर, कुणाच्या दडपणाखाली न येता नाही म्हटलं होतं. त्याचे खांदे सरळ होते.

आम्ही हरलो. सलीमने एक झकास अडवला, पण आमच्या दोघांचे हुकले. हिरवे रुमाल हवेत उडाले. तो म्हातारा कोच आमच्या मॅनेजरांकडे आला, त्यांचा हात धरून हलवत राहिला, आणि इंग्रजीत म्हणाला, की मी असतो तर गोलकीपर बदलला असता, तुम्ही का नाही बदललात? मॅनेजर म्हणाले, "मी विचारलं. तो नको म्हणाला." म्हातारा रवीकडे वळून बघत राहिला, आणि मग त्याने रवीचाही हात हातात घेतला. आमच्यातले काही मात्र तोंड वाकडं करून घरी गेले. ग्रुपवर दोन दिवस मॅनेजरांच्या नावाने शिमगा चालला होता. त्यांनी एकाला उत्तर दिलं नाही.

घरी आल्यावर रवी तीन वाट्या वरणभात जेवला, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत घोरत पडला. नोकरी गेल्यापासून तो पहिल्यांदाच घोरला. मी शेजारी बसून ते ऐकत होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

नोकरीही मिळाली, मुशैरिबची नाही, दुसरीच, पण मिळाली. पुढच्या सीझनला पहिल्या मॅचच्या आधी मॅनेजरांचा दोन शब्दांचा मेसेज आला, "ग्लोव्हज आण." चांगलं सांगायला त्यांना जेवण लागायचं नाही. त्या वर्षीचा कप आम्ही घेतला, रवीच्या हातांनी. मॅनेजरांशी मी पुन्हा बोलायला लागले, ते आधी नुसतं हो-नाही, आणि मग पहिल्यासारखं भांडून.

दोन वर्षांनी त्यांच्या कंपनीने गोदाम बंद केलं, आणि ते कायमचे गावी गेले. निरोपसमारंभ करू दिला नाही. "समारंभ केलात तर येणार नाय," म्हणाले, आणि आमच्यातल्या सगळ्यांना माहीत होतं की ते खरंच येणार नाहीत. गावाहून दर शुक्रवारी रात्री त्यांचा रवीला फोन यायचा. स्कोअर कधी विचारायचे नाहीत. विचारायचे, "अमका बदली झाल्यावर कुठे बसलेला? एकटाच बसलेला काय?"

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी फोन आला, तो त्यांच्या मुलीचा. पहाटे छातीत दुखलं, आणि रत्नागिरीला नेईपर्यंत सगळं संपलं. रवीने फोन ठेवला आणि मला सांगितलं. मी रडायला लागले. तो म्हणाला, "ग्रुपवर टाकू नकोस. कुणालाही फोन करू नकोस. मी सांगतो सगळ्यांना." आणि गाडीची किल्ली घेतली. मीही चपला घालून मागे निघाले.

आम्ही आख्खा दिवस फिरलो. अल रय्यानला क्रेनवाल्याच्या खोलीवर, मुशैरिबला मेकॅनिकच्या साइटवर, एकेकाच्या दारात. रवी आत जायचा, समोर बसायचा, आणि तोंडाने सांगायचा. कुणी ओक्साबोक्शी रडलं, कुणी पाणी पाजलं, कुणी नुसतं भिंतीला टेकून बसलं. रवी प्रत्येकाजवळ थांबायचा, घाई नाही. मी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. गाडी चालवताना एवढंच म्हणायचा, "आता कोण राहिलं?"

राहिला होता सलीम. तो अजूनही अल रुवैसच्या बंदरात. उत्तरेला सरळ रस्ता, दोन्हीकडे वाळू. पोचलो तेव्हा चार वाजले असतील. सलीम होड्यांजवळ दोरखंड गुंडाळत होता. आम्हाला बघून लांबूनच हसला, हात पुसत आला, "अरे, रवीभाई, वैनी, इतक्या लांब? फोन तरी करायचा!"

रवी त्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. "सलीम, मॅनेजर गेले. आज पहाटे. मुलीचा फोन आला होता."

सलीमचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू उतरलं. तो पाण्याकडे वळला. मग त्याने विचारलं, "सगळ्यांना सांगितलात?"

"सगळ्यांना. तू शेवटचा."

"घरी जाऊन जाऊन?"

"हो."

सलीमने रवीकडे नीट बघितलं. म्हणाला, "आणि तुम्हाला, रवीभाई? तुम्हाला फोनवरच कळलं. तुम्हाला सांगायला कोणीच नाय आला."

 सलीमने त्याला धरून एका उपड्या होडीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी सांगतो. रवीभाई, आपले मॅनेजर गेले." आणि माझा नवरा, ज्याच्या डोळ्यांतून नोकरी गेली तेव्हा पाणी आलं नाही, फायनल हरलो तेव्हा आलं नाही, तो त्या बंदरावर सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडला.